उचललेला सवाल

ठाण्याजवळच्या दिव्यात पाणी कधी येईल हे सांगता येत नाही, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर मिळतो. उत्तम गोरिवले आणि रघुनाथ पाष्टे गेली बरीच वर्षं एकाच इमारतीखाली, एकाच नळापाशी, आपापल्या निळ्या पिंपांना टेकून भांडत आले. विषय फारसा बदलत नसे. डोंबिवलीच्या एमआयडीसीतला उत्तमबुवांचा कारखाना कोणामुळे बंद पडला, हा तो विषय.

कारखाना कापडाच्या रंगांचा होता. बुवा तिथे बॉयलरवर होते. कोरोनाची टाळेबंदी उठल्यावर तो पुन्हा सुरू झाला, काही महिने खुरडत चालला आणि मग एका सकाळी गेटवर नोटीस लागली. मालकाने यंत्रं दुसऱ्या राज्यात नेली. साठीला टेकलेले बुवा आता बाळकुमला एका मोठ्या संकुलाच्या गेटवर सुरक्षारक्षक आहेत. बारा तास उभं राहायचं आणि आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. गाड्या पुष्कळ येतात.

"मालक पळाला त्याला सरकार काय करणार?" रघुबुवा विचारत. "कोरोना काय दिल्लीत तयार केलेला?"

"कोरोना नंतर आला. नोटा बंद झाल्या तेव्हाच आमच्या मालकाची हवा गेलेली. वर तो जीएसटी. बॉयलर दिवसाआड पेटायचा, मी बघत होतो ना."

"आणि आधीच्यांनी साठ वर्षं काय केलं, ते नाही विचारायचं."

"त्यातली माझ्या वाट्याला आली तेवढी वर्षं पगार वेळेवर होता, रघ्या."

"पगार होता, पण गावाला वीज होती का?"

"वीज आली. मागून बिल पण आलं."

वरच्या गॅलरीत बुवांच्या पत्नी शकूताई उभ्या असत. "सरकार कोणाचं का असेना," त्या वरून सांगत, "तुमचं पिंप भरलं असेल तर पाइप भावोजींच्या पिंपात टाका. बाजूच्या बायका खोळंबल्यात."

रघुबुवा सत्तेतल्या पक्षाचे. सभेला जातात, प्रचारात असतात. उत्तमबुवांना कोणी विचारलं, तुम्ही कुठल्या पक्षाचे, तर ते सांगत, "बंद पडलेल्या कारखान्याचा." मतदान मात्र ते नेमाने विरोधकांना करतात आणि ते लपवत नाहीत. लपवत नसत, असं आता म्हणावं लागेल.

दोघांचं हे भांडण तसं नवं. जुनं भांडण निराळं आहे आणि ते दोघांच्या जन्माआधीपासून चालत आलेलं आहे. दोघेही संगमेश्वर तालुक्यातले, आणि दोघेही जाखडीचे शाहीर. जाखडीत शाहीर मध्ये बसतो, ढोलकी आणि झांजा त्याच्या बाजूला, आणि पायात चाळ बांधलेले नाचे त्याच्याभोवती फेर धरतात. सामना दोन शाहिरांचा असतो, एक शक्तीचा आणि एक तुऱ्याचा. शक्तीवाले, म्हणजेच कलगीवाले, म्हणतात की जगाच्या मुळाशी शक्ती, आई, माया. तुरेवाले म्हणतात, शिव. एकाने पदातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. मध्ये टोमणे, चिमटे, एकमेकांच्या गुरूंपर्यंत पोचणारी थट्टा. सगळं संपलं की एकाच पातेल्यातला चहा.

बाजू मतावरून ठरत नाही, गुरूवरून ठरते. उत्तमबुवा सोमवारचा उपास धरतात, शंकराला गेल्याशिवाय जेवत नाहीत. पण गुरू शक्तीचे मिळाले म्हणून शंकराला दुय्यम ठरवणारी पदं जन्मभर गात आले. रघुबुवांच्या देव्हाऱ्यात देवीचा टाक आहे आणि ते तुऱ्याचे. यात दोघांनाही कधी अडचण वाटली नाही. आपली बाजू आणि आपलं मन या दोन वस्तू वेगळ्या ठेवता येतात, हे त्यांना लहानपणीच शिकवलं गेलं.

उत्तमबुवांचे गुरू नाथाबुवा शिगवण. त्यांच्या घराण्यात एक रीत होती. समोरच्याने सवाल टाकला की जवाब देण्याआधी तो सवाल आपण आपल्या तोंडाने, त्याच्याच शब्दांत, पूर्ण गायचा. याला ते 'सवाल उचलणे' म्हणत. कारण साधं होतं. माइक नव्हते. खळ्याच्या एका अंगाला बसलेल्या लोकांना दुसऱ्या अंगाच्या शाहिराचं ऐकू येत नसे, म्हणून दुसऱ्याने तो पुन्हा म्हणायचा. पुढे माइक आले, पण रीत राहिली, आणि राहता राहता तिला नियम चिकटला. नाथाबुवा सांगत, "समोरच्याचा सवाल त्याच्यापेक्षा चांगला म्हणून दाखव, मग जवाब दे. आणि एकदा उचललास की तो तुझा. परत जमिनीवर टाकायचा नाही."

ही रीत आता त्यांच्या शिष्यांपैकी बहुधा उत्तमबुवाच पाळतात. पाळत होते.

गेल्या वर्षी माघातल्या सत्यनारायणाच्या पूजेला दिव्यातल्या मंडळाने दोघांचा सामना ठेवला. मैदान, मंडप आणि स्टेज कमलेशशेठचं. शेठ तिथल्या जुन्या आगरी घरातले. वडिलांची मिठागरं होती, भातशेती होती. त्या शेतीवर आता इमारती आहेत, आणि बुवा राहतात ती त्यातलीच एक. शेठ सत्तेतल्या पक्षाचं विभागातलं काम पाहतात. दरवर्षी पूजेला पहिला नारळ त्यांचा असतो आणि शाहीर कुठल्या मताचा आहे हे त्यांनी त्याआधी कधी विचारलं नव्हतं.

गण झाला, गवळण झाली, दोन सवाल पुराणातले झाले. मग लोकांनी चालू विषय मागितला. जाखडीत हे चालतं. महागाई, रस्ते, सुनेचा मोबाइल, काहीही. रघुबुवांनी तयारी केलेली होती. नळावरचं सगळं भांडण त्यांनी चार ओळींत बसवलं होतं:

सांग कलगीच्या शाहिरा, या सभेला सांग खरं,
कारखान्याचं दार मिटलं, थंड पडलं घर,
गादीवरचा राजा आंधळा, की परजा झाली मुकी?
दोघांमधल्या कोणाच्या रं माथी मारू चुकी?

मंडप हसला. समोर कोण बसलंय आणि त्याचा कारखाना कधी बंद पडला, हे सगळ्यांना माहीत होतं. रघुबुवांचा डाव असा की उत्तम्या चिडून म्हणेल, राजा आंधळा. त्यावरचा टोला त्यांनी आधीच रचून ठेवला होता: राजा आंधळा नाही, पळालेल्या मालकाकडे तूच डोळे मिटून बघतोस.

उत्तमबुवांनी आधी सवाल उचलला. त्यांचा आवाज रघुबुवांच्या आवाजापेक्षा भरीव आहे, आणि ढोलकी त्या दिवशी चांगली लागली होती. तिसरी ओळ त्यांनी घोळवली, मागे साथ गाणाऱ्या झीलकऱ्यांनी ती वर नेली. मग जवाब दिला. राजाला डोळे दोन, परजेला लाख. लाख डोळ्यांनी बघून जी गप्प बसली तिची चुकी मोठी. आणि वाचा म्हणजेच शक्ती, ती निजली की शिव असो की परजा, नुसतं शव. एका दगडात त्यांनी कारखान्याचाही जवाब दिला आणि तुऱ्यालाही हरवलं. राजावर त्यांनी एक शब्द खर्च केला नाही. रघुबुवांचा रचून ठेवलेला टोला तसाच राहिला. त्यांनी बसल्या जागेवरून कान पकडून दाखवला. पहिल्या रांगेत बसलेल्या कमलेशशेठनी टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांनी क्लिप आली.

ती अर्ध्या मिनिटाची होती. रघुबुवा त्यात नव्हते. जवाब नव्हता. होते फक्त उत्तमबुवा, डोळे मिटलेले, हात वर, आणि 'गादीवरचा राजा आंधळा' ही अर्धी ओळ तीनदा. कोणी कापली ते आजवर कळलेलं नाही. आधी ती विरोधी बाजूच्या लोकांनी फिरवली, खाली लिहिलं: 'दिव्याचा बुवा खरं बोलला'. मग सत्तेतल्या बाजूच्या लोकांनी फिरवली, खाली लिहिलं: 'या बुवाला ओळखून ठेवा'. दोन्हीकडे क्लिप तीच. पोलिसांत कोणीतरी अर्ज दिला.

मुलगी कल्पिता ठाण्याला कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. तिने संध्याकाळी घरी येऊन पर्स न ठेवताच विषय काढला.

"पप्पा, सरांना विचारलं मी. काही होत नाही म्हणाले. फक्त सांगायचं की ओळ रघुकाकांची होती, तुम्ही नुसती परत म्हटली. अख्खा मंडप साक्षीदार आहे."

"तसं सांगता येत नाही."

"का पण?"

"उचलला होता मी."

"अहो, उचलला म्हणजे काय? कायद्यात असं काही नसतं."

"कायद्यात नसेल."

शकूताई भाकऱ्या करत होत्या. "नाथाबुवा बोलले ते खरंच," त्या म्हणाल्या, "पण त्यांच्या वेळेला मोबाईल नव्हते."

"त्यांच्या वेळेला माइक पण नव्हते," बुवा म्हणाले. "म्हणून तर उचलायचा."

"मग आता माइक आहे तर सोडा की."

बुवा पानावर बसले. त्यांनी जेवून घेतलं.

"रघुकाका स्वतः का नाही सांगत?" कल्पिताने विचारलं. हा प्रश्न घरात त्या आठवड्यात दोन-तीनदा निघाला आणि प्रत्येक वेळी शकूताईंनी दुसरं काहीतरी काढलं. कारण उत्तर इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. रघुबुवांचा मुलगा साईनाथ एका कंत्राटदाराकडे कचऱ्याच्या गाड्यांवर सुपरवायझर आहे. बरीच वर्षं घरी बसून होता. ते काम कमलेशशेठच्या शब्दावर मिळालं.

शेठनी दोघांना ऑफिसात बोलावलं. रविवारची सकाळ होती. शेठच्या मागच्या भिंतीवर वडिलांचा फोटो, त्याला ताजा हार. पोरांनी चहा आणून ठेवला आणि शेठनी दार लावायला सांगितलं.

"बुवा, मी काय तुना वळखत नाय?" शेठ म्हणाले. "लहान होतो तवापासून तुजा गण ऐकतंय. बाबा खांद्यावर बसवून आनायचा. पन मना वरशी फोन येतान, स्टेज कुनाचा होता म्हणून. काय सांगू, सत्यनारायणाचा?"

"सत्यनारायणाचाच होता," उत्तमबुवा म्हणाले.

"मस्करी नको." शेठनी डोळे चोळले. त्यांनाही आठवडाभर झोप नसावी. "पोलिसांत अर्ज झालाय. सायेब बोलले, तुमचे तुमी मिटवा. आता दोनच रस्ते. ओळ तुजी नसंल तर कुनाची ती सांग, पुढचा मी बघतो. तुजी असंल तर हात जोड, मी मोबाइलवर घेतंय, गटावर टाकतंय, इषय संपला."

खोलीत तिघं होते. तिघांनाही ओळ कोणाची ते ठाऊक होतं. शेठनी तर पहिल्या रांगेत बसून ती मूळच्या तोंडून ऐकली होती. रघुबुवांनी चहावर धरलेली साय बोटाने बाजूला केली, बशीच्या कडेला पुसली, आणि मग कप उचललाच नाही.

उत्तमबुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. पुढे शकूताईंना सांगताना ते एवढंच म्हणाले की आपण चहा संपेपर्यंत थांबलो. हळू प्यालो.

"सांग ना," शेठ म्हणाले. "ओळ तुजी का रघुबुवाची? मना काय, मी दोगांनाबी ऐकलंय."

"माझी," उत्तमबुवा म्हणाले.

"बनवली कुनी?"

"उचलली मी. म्हणजे माझी."

"जल्ली ती उचलाउचली! मी सरळ इचारतंय."

"मी पण सरळच सांगतोय, शेठ."

शेठनी रघुबुवांकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. कदाचित त्यांनाही ते उत्तर नकोच होतं. आपल्या पक्षाच्या माणसाने केलेली ओळ वर कशी कळवायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असता.

"मंग हात जोड."

"माफी कशाची मागू? शिवी नाही त्यात. सवाल आहे."

"सवालच नको ना आता, बुवा. दिवस कसले हायेत बघतोस ना? तू गेटवर उभा ऱ्हातोस, मी हितं बसतो, फरक काय? दोगांनाबी इचारनारे हायेत."

बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: बुवा माफी मागणार नाहीत, हात जोडणार नाहीत, पण यापुढे चालू विषयावर गाणार नाहीत, फक्त देवाधर्माचं गातील, एवढं कॅमेऱ्यासमोर सांगतील. शेठनी मोबाइल धरला. बुवांनी एका दमात सांगितलं. शेठ म्हणाले, जरा हसून बोल, पुन्हा घेऊ. बुवांनी पुन्हा सांगितलं. हसले नाहीत. शेठनी दुसरा ठेवला.

जिन्यात रघुबुवा म्हणाले, "उत्तम्या, पोराचं…"

"माहीत आहे मला."

दोघं एकाच इमारतीत राहतात. एकाच रस्त्याने, पुढे-मागे घरी आले.

व्हिडिओ गेल्यावर पोलिसांचं बोलावणं आलं नाही. गेटवरची नोकरी टिकली. या अर्थाने काही झालं नाही. संकुलातल्या एका गृहस्थांनी मात्र गाडीची काच खाली करून विचारलं, "ते तुम्हीच का?" बुवांनी गाडीचा नंबर लिहिला आणि फाटक उघडलं.

त्याच आठवड्यात विरोधी पक्षाची माणसं घरी आली. त्यांना बुवांचा सत्कार करायचा होता, 'दडपशाहीला न घाबरणारा लोकशाहीर' असा फलक तयार होता. बुवांनी चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. "शाल घेतली की ती ओळ खरंच तुमची होईल," ते म्हणाले. माणसं नाराज होऊन गेली. कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांपैकी एकाने फोन केला. "बुवा, घाबरलात तुम्ही. तोंडावर बोलतो, राग मानू नका." बुवांनी राग मानला नाही. घाबरलो होतो, असंच त्यांनी सांगितलं. दोन झीलकरी दुसऱ्या शाहिराकडे गेले. त्यांनाही घरदार आहे.

नळावरचा बदल लोकांच्या लवकर ध्यानात आला. भांडण थांबलं होतं. रघुबुवा आपणहून म्हणत, "गॅस लयच महागला रे." बुवा म्हणत, "हो." "आमच्या लोकांचं पण चुकतंच कुठे कुठे." बुवा म्हणत, "असेल." मग दोघं आपापली पिंपं भरत. बाजूच्या विमलाबाई शकूताईंना म्हणाल्या, "अगं, हे दोघं आजारी आहेत का? पूर्वी पाणी येईपर्यंत करमणूक तरी होती."

शकूताई पाइप मात्र अजून भावोजींच्या पिंपात टाकायला सांगत. सांगितलं की बुवा टाकत.

वैशाखात कल्याणला सामना झाला. त्यांच्याच पट्ट्यातल्या सात-आठ वाड्यांच्या मंडळाने नाट्यगृह घेतलं होतं, दुपारचा प्रयोग. ही तारीख आधीच्या वर्षी ठरलेली. जाहिरातीत दोघांचे फेटे बांधलेले फोटो समोरासमोर. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी उत्तमबुवांना बाजूला घेऊन सांगितलं, "चालू विषय नको हं, बुवा. तुम्हाला माहीतच आहे." बुवांनी मान हलवली. कार्यकर्त्यांनी रघुबुवांनाही तेच सांगितलं. चालू विषयाशिवाय जाखडी म्हणजे मिठाशिवाय आमटी, असं पूर्वी रघुबुवाच म्हणत. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

म्हातारी माणसं पुष्कळ आली होती. नाथाबुवांना खळ्यावर ऐकलेले काही होते. बुवांचा गण चांगला झाला. आवाज लागला होता. सवाल टाकायची पाळी रघुबुवांची आली. त्यांनी झांज थांबवली. नेहमी ते सवाल टाकताना प्रेक्षकांकडे बघतात. या वेळी ते बुवांकडे बघत होते, आणि चाल नेहमीपेक्षा संथ होती:

दक्षाच्या यज्ञात सती जळाली, भरली होती सभा,
देव बसलं रांगेनं सारं, एक न राहिला उभा,
तोंड असून गप बसलं ते, देव म्हणू का दगड?
सांग कलगीच्या शाहिरा, मला याचा कर उलगड.

सवाल पुराणातला होता. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी निःश्वास टाकला. तुऱ्याच्या शाहिराने देवांना दगड म्हणायचं, हे जरा उलटं होतं, पण इतका विचार कोणी केला नाही. तिसऱ्या ओळीला रघुबुवांचा आवाज चिरकला. त्यांच्या झीलकऱ्यांनी ती ओळ सावरून वर नेली.

आता सवाल उचलायचा होता. ढोलकीवाल्याने उत्तमबुवांच्या चालीचा ठेका धरला आणि वाट पाहिली. नाचे एका पायावर थांबले. म्हातारे पुढे सरकले; हाच भाग ऐकायला ते येतात, समोरच्याचा सवाल बुवा त्याच्यापेक्षा गोड करून कसा म्हणतात ते बघायला. ठेका एकदा फिरला, पुन्हा फिरला. ढोलकीवाल्याने मान वळवून पाहिलं.

बुवांनी सवाल उचलला नाही. त्यांनी सरळ जवाब घेतला. सती जळाली तेव्हाच सभेतली शक्ती निघून गेली होती. मागे उरले ते देवांचे देह. शवाला तोंड असतं, वाचा नसते. त्यांना दगड म्हणू नये, दोषही देऊ नये. जवाब बिनचूक होता. शास्त्राला धरून होता, शक्तीच्या बाजूचा होता, आणि एका ओळीत संपला असता तो त्यांनी नीट चार ओळींत गायला. टाळ्या पडल्या, पण जुन्या माणसांच्या रांगेतून नाही. तिथे कुजबुज चालली होती. नाथाबुवांच्या शिष्याने सवाल उचलला नाही, याचा त्यांच्या हिशेबी अर्थ एकच. त्याला तो समजला नाही.

सामन्याचे अध्यक्ष त्या रांगेतलेच होते. त्यांनी जिंकल्याचा नारळ रघुबुवांना दिला. इतक्या वर्षांत असं पूर्वीही झालं होतं, कधी याला कधी त्याला. पण उचलला नाही म्हणून हरले, असं प्रथमच.

रंगपटात दोन्हीकडची माणसं चाळ सोडत होती. चहाचं पातेलं आलं. रघुबुवा नारळ हातात घेऊन उत्तमबुवांच्या समोर उभे राहिले. फेटा अजून डोक्यावर होता.

"उचलला का नाहीस?"

बुवा ढोलकीला कापडी खोळ घालत होते. दोरी ओढून गाठ मारली.

"तुझ्यासाठीच बांधलेला मी तो," रघुबुवा म्हणाले. आवाज खाली आला होता. "शेठकडच्या त्या रविवारपासून बांधत होतो. तू म्हटला असतास तर…"

"तर काय?"

रघुबुवांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"तो सवाल मला नव्हता, रघ्या," उत्तमबुवा म्हणाले. त्यांनी पातेल्यातून दोन कप भरले, एक त्यांच्यापुढे सरकवला, आणि टेम्पोत आधी कोणाचं सामान चढवायचं ते बाहेर जाऊन विचारून आले.